शिवारात न्यायचे लॅपटॉप: प्रोसेसर आणि साठवण निवडतानाच्या नोंदी

१२ फेब्रुवारी २०२४, अंबाजोगाई

पाणलोटाच्या कामावरच्या सहाही जणांना हलके लॅपटॉप द्यायचे, हे आज बैठकीत मंजूर झालं. अटी दोन. मशीनमागे जीएसटीसह ५५ हजारांच्या वर जायचं नाही आणि बिल ३१ मार्चच्या आत हवं, नाहीतर तो निधी परत जाईल.

गरज नवी नाही, पण आता ती टाळता येत नाही. गेल्या पावसाळ्यानं दगा दिल्यावर ३१ ऑक्टोबरला सरकारनं ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा अंबाजोगाई आणि शेजारचे धारूर, वडवणी आहेत. तेव्हापासून विहिरींच्या पातळ्या घ्यायचं काम वाढतच चाललंय. आज पातळ्या वहीत उतरतात, वही संध्याकाळी कार्यालयात येते आणि कुणीतरी रात्री एक्सेलमध्ये भरत बसतं. गट क्रमांक चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बांधावर.

कोषाध्यक्ष काकांचं म्हणणं सरळ आहे: "एकदाच घ्यायलाव, तर आय७ प्रोसेसर घ्या. पाच वर्षं मागं वळून बघायला नको." मी एवढंच म्हणाले की आधी काम मोजू, मग मशीन बघू. निवडीची जबाबदारी अर्थातच माझ्यावर आली.

१५ फेब्रुवारी

नवीन काही बघण्याआधी कार्यालयातल्या डेस्कटॉपवर क्षेत्रावरचं काम जसंच्या तसं चालवलं आणि शेजारी टास्क मॅनेजर उघडा ठेवला. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये गावाचा गट नकाशा, खाली ड्रोनच्या फोटोंपासून जोडलेली प्रतिमा, वर विहिरींचे बिंदू. सोबत एक्सेल, ब्राउझरचे पाच-सहा टॅब आणि व्हॉट्सॲप वेब, कारण ते बंद ठेवून आमच्याकडं कुणी काम करत नाही.

मेमरी ९ जीबीच्या पुढं गेली. म्हणजे ८ जीबीच्या मशीनवर हेच काम केलं तर विंडोज उरलेलं सगळं डिस्कवर ढकलत राहणार. "लॅपटॉप हँग होतो" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते, आणि दोष प्रोसेसरवर जातो.

प्रोसेसरचा आलेख बघण्यासारखा होता. नकाशा सरकवला की सगळे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, क्षणभर उसळतात आणि लगेच शांत होतात, कारण क्यूजीआयएस वेगवेगळे थर एकाच वेळी रंगवू शकतं. पण गट नकाशा आणि नाल्याभोवतीचा पट्टा यांचं छेदन काढायला लावलं की एकूण वापर एका कोअरच्या हिश्शापुढं सरकत नाही. अशी बरीचशी कामं एकाच धाग्यात चालतात, म्हणजे एका वेळी एकच कोअर राबतो. दहा कोअर असले काय नि सहा असले काय, थांबायचं एकासाठीच.

ड्रोनचे फोटो जोडायचं काम वेगळं. ते मेमरी आणि कोअर दोन्ही खाऊन टाकतं. ते लॅपटॉपवर करायचंच नाही, कार्यालयातल्या डेस्कटॉपवर रात्री लावून ठेवायचं, हे आजच पक्कं केलं. हा एक निर्णय झाला की निम्मी महाग मशीन यादीतून आपोआप गळतात.

तर मागणी अशी: एका कोअरचा वेग बरा हवा, मेमरी १६ जीबी, आणि नकाशे मावतील एवढी साठवण.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. घरी बसून प्रोसेसरच्या नावांचा गुंता सोडवला. विक्रेते "आय५ आहे मॅडम" एवढंच सांगतात, आणि त्या एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही.

इंटेलच्या बाराव्या पिढीपासून बहुतेक लॅपटॉप चिपांवर दोन जातींचे कोअर असतात: वेगवान पी आणि काटकसरी ई. आपल्या बजेटच्या आसपासचे आकडे वहीत मांडले. आय३-१२१५यूमध्ये २ पी आणि ४ ई. आय५-१२३५यूमध्ये २ पी आणि ८ ई. आय७-१२५५यूमध्येसुद्धा २ पी आणि ८ ई. वरचा वेग आय३ आणि आय५ दोघांचाही ४.४ गिगाहर्ट्झ, आय७ चा ४.७. म्हणजे ज्या एका कोअरसाठी आमची माणसं ताटकळतात, तो आय३ आणि आय५ मध्ये जवळपास तोच. आय५ ला कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच छोटी वेगवान मेमरी, थोडी जास्त आहे आणि चित्र रंगवणारा भाग मोठा आहे. चार ई कोअर जास्त मिळतात ते एकाच वेळी पुष्कळ कामं लावणाऱ्याला उपयोगी.

काकांना फोनवर हे सांगितलं. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "म्हणजे बैलजोडी तीच, फक्त झूल भारी." आय७ वर त्यांनी यापुढं हट्ट धरला नाही.

नावाच्या शेवटचं अक्षरही बघायचं. यू म्हणजे १५ वॅटची मूळ मर्यादा, पी म्हणजे २८ वॅट. थोड्या वेळापुरते दोन्हीही याच्या कितीतरी वर जातात, यूची मर्यादा कागदावर ५५ वॅटपर्यंत आहे. पण दीड किलोच्या आतल्या पातळ डब्यातून एवढी उष्णता सतत बाहेर काढणार कोण? कंपनीचा तक्ता वातानुकूलित खोलीत बसून लिहिलेला असतो. आमचं काम मे महिन्यात केजच्या रस्त्यावर आहे.

प्रोसेसरची दुसरी कंपनी एएमडी, तिच्या नावांत तर सरळ फसगत आहे. २०२३ पासूनच्या चार आकडी क्रमांकात पहिला आकडा वर्षाचा, आणि आतली रचना कोणत्या पिढीची हे तिसऱ्या आकड्यावरून कळतं. रायझन ५ ७५२०यू ऐकायला नवंकोरं, पण तिसरा आकडा २, म्हणजे झेन २ ही जुनी रचना, चार कोअर. रायझन ५ ७५३०यू म्हणजे झेन ३, सहा कोअर. दहाच्या फरकात अख्खी पिढी आणि दोन कोअर. गंमत म्हणजे दोन वर्षं जुना ५५००यू सुद्धा झेन २ च, पण त्यात कोअर सहा. वर ७५२०यू सोबतची मेमरी बोर्डावर कायमची बसवलेली असते, ती पुढं वाढवता येत नाही. ७५२०यू यादीतून काट. ७५३०यू चांगल्या किमतीत मिळाला तर आनंदानं घेऊ.

२३ फेब्रुवारी, लातूर

दुकानं फिरले. अपेक्षेप्रमाणं सगळ्यात हलकी आणि स्वस्त मशीन एन१०० प्रोसेसरची निघाली. त्यात चार ई कोअर आहेत, पी एकही नाही, ६ वॅटमध्ये चालतो, काही मशीनना पंखाही नाही. धुळीत पंखा नसणं हे सुख आहे, हे मान्य. टायपिंग, ब्राउझर, व्हिडिओ याला तो पुरतो. पेनड्राइव्हवर नेलेला आमचा नकाशा उघडून बघितला तर प्रत्येक झूमला तुकड्यातुकड्यानं रंगत होता. आणि मेमरीपासून प्रोसेसरपर्यंतची वाहिनी एकच. आय३-एन३०५ त्याचा मोठा भाऊ, ई कोअर आठ, पण एका कोअरचा वेग पी कोअरच्या जवळ जात नाही.

या स्वस्त मशीनांमध्ये आणखी एक खोच आहे. "१२८ जीबी स्टोरेज" लिहिलेलं असतं आणि आत निघते ईएमएमसी, म्हणजे फोनच्या धर्तीची, बोर्डाला चिकटवलेली चिप. तिचा कागदावरचा कमाल वेगच ४०० एमबी प्रतिसेकंद, आणि बारीकसारीक फाइलींवर ती आणखी मागं पडते. बिघडली तर मदरबोर्ड बदला. दुकानदाराला विचारलं, "ही ईएमएमसी का एसएसडी?" तर म्हणाला, "एकच असतं ते." पुढं विचारलं नाही.

दुसऱ्या दुकानात जुने व्यावसायिक लॅपटॉप दुरुस्त करून विकतात. भक्कम मशीन, चांगले कीबोर्ड, किंमत निम्म्याहून कमी. पण बहुतेक सहाव्या-सातव्या पिढीचे, आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासून पुढं चालतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार. दीड वर्षासाठी निधी गुंतवणं लेखापरीक्षकाला पटवता येणार नाही.

पडद्याबद्दल एक वाक्य लिहून ठेवते, विषय तो नसला तरी: दुकानाच्या दारात उन्हाकडं तोंड करून २५० निट्सचा (निट्स म्हणजे उजेडाचं माप) पडदा धरला तर त्यात स्वतःचा चेहरा दिसतो, नकाशा नाही. ३०० च्या खालचं घेऊ नये.

२७ फेब्रुवारी

कार्यकारिणीतल्या एकांचा प्रश्न: ॲपलचा मॅकबुक एअर का नको? एम१ प्रोसेसरच्या एअरवर सूट चालू आहे, वजन १.२९ किलो, पंखा नाही, बॅटरी उत्तम. सगळं खरं. पण त्यातल्या त्यात स्वस्त मिळतो तो ८ जीबी मेमरी आणि २५६ जीबी साठवणीचा, आणि दोन्ही कायमचं. पुढं एक जीबीही वाढत नाही. त्याच्यानंतरच्या एम२ एअरच्या २५६ जीबी प्रकारात साठवणीची चिप दोनाऐवजी एकच टाकली होती, त्यामुळं तो ५१२ वाल्यापेक्षा हळू वाचतो. म्हणजे तिथंही नाव एक आणि आतला माल वेगळा.

शिवाय वापरासाठीचं तापमान कंपनीच १० ते ३५ अंश सांगते. आमच्याकडं मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी पारा त्यापुढं जातो. बाकीच्या कंपन्यांच्या पत्रकांतही ३५ चाच आकडा बहुधा दिसतो, त्यामुळं हा एकट्या ॲपलचा दोष धरता येत नाही.

२ मार्च

साठवणीवर आजचा अख्खा दिवस.

आधी किती लागेल ते. एका गावाची ड्रोन प्रतिमा कच्ची २ ते ४ जीबी. एका ताईकडं वीसेक गावं. सरळ गुणाकार केला तर ८० जीबी, अधिक गट नकाशे, फोटो, जुन्या वर्षांच्या नोंदी. विंडोज आणि सॉफ्टवेअर मिळून ६०-७० जीबी. २५६ जीबीच्या डिस्कवर विंडोज २३८ च दाखवतं, कारण कंपनी हजारानं गुणते आणि विंडोज १०२४ नं. जागा काठोकाठ भरली की एसएसडीचा लिहायचा वेग पडतो, थोडी मोकळी लागतेच. म्हणून ५१२. ड्रोन उडवणाऱ्या दादाचं वेगळं. त्याच्या मशीनवर रोज कार्डं रिकामी होतात, त्याला १ टीबी.

मग वेग. जाहिरातीत ३,५०० आणि ७,००० एमबी प्रतिसेकंद असे आकडे येतात, पहिला पीसीआयई ३ या जोडणीच्या एसएसडीचा, दुसरा ४ चा; या नव्या एसएसडींना एनव्हीएमई म्हणतात. साटा या जुन्या जोडणीची एसएसडी साधारण ५५० ला अडते. म्हटलं बघू काय फरक पडतो. तोच प्रकल्प, तीच प्रतिमा, एकदा साटावरून आणि एकदा एनव्हीएमईवरून उघडली. घड्याळ लावल्याशिवाय फरक कळला नाही. नकाशा उघडताना डिस्क सलग मोठा तुकडा वाचत नाही, इथून थोडं तिथून थोडं वाचते, आणि वाचलेलं उलगडायला प्रोसेसरला वेळ लागतो.

त्याच प्रतिमेवर जीडॅल या फुकट सॉफ्टवेअरनं कमी तपशिलाचे थर तयार करून ठेवले, म्हणजे दूरवरून बघताना संगणकाला मूळ पिक्सेल वाचावेच लागत नाहीत. आता सरकवायला लागलं की नकाशा बोटाबरोबर येतो, साध्या साटा एसएसडीवरसुद्धा. सोबत जेपीईजी दाबणी केल्यावर ३ जीबीची फाइल काही शे एमबीवर आली. फुकटात. ७,००० ची डिस्क मागणारा रकाना तक्त्यातून काढून टाकला.

एक गोष्ट मात्र सोडायची नाही: एसएसडीतली चिप टीएलसी का क्यूएलसी. टीएलसीत एका पेशीत तीन बिट, क्यूएलसीत चार. क्यूएलसी स्वस्त पडते आणि रोजच्या वापरात कळतही नाही, कारण थोडा भाग वेगवान तात्पुरती जागा म्हणून वापरला जातो. ६४ जीबीचं कार्ड एका दमात उतरवायला घेतलं की ती जागा संपते आणि वेग जुन्या हार्ड डिस्कच्या पातळीवर येऊ शकतो. शिवारातून परत निघताना जीप थांबवून कार्ड उतरण्याची वाट बघायची वेळ येऊ नये, म्हणून टीएलसी. डिस्कवर स्वतःच्या मेमरीची वेगळी डीरॅम चिप नसली तरी चालेल. या डिस्का संगणकाच्या मेमरीतला छोटा भाग उसना घेऊन काम भागवतात.

आणि हार्ड डिस्क अजिबात नाही. जुन्या दोन लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क आहे. मोटरसायकलच्या डिकीत घालून खडी उखडलेल्या रस्त्यावरून वर्षभर फिरवल्यावर दोन्हींत खराब सेक्टर निघाले.

७ मार्च

तीन दरपत्रकं आली. तिन्हींत एकच ओळ: "आय३/आय५, ८ जीबी, ५१२ एसएसडी". याच्यावर तुलनात्मक तक्ता होऊ शकत नाही. तिघांनाही परत लिहिलं, आणि उत्तर लेखी मागितलं: प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक काय, मेमरी किती चिकटवलेली आणि स्लॉट मोकळा आहे का, एसएसडीचा मॉडेल क्रमांक काय आणि ती एम.२ (एसएसडीचा पट्टीसारखा आकार) च्या कुठल्या लांबीची, मेमरी आम्ही वाढवली तर वॉरंटी राहते का. एकानं दुसऱ्या दिवशी सगळं पाठवलं. एकाचं उत्तर आलं, "क्वालिटी चांगली आहे, काळजी नको." तिसरा अजून गप्प.

१३ मार्च

उत्तर देणाऱ्यानं नमुन्याचं मशीन आणून दिलं. आय३-१२१५यू, १४ इंची पडदा, १.४ किलो. चार्जर धरला तर पावणेदोन, आणि पाठीवर चार्जरही असतोच, त्यामुळं वजन यापुढं चार्जरसकट मोजायचं.

खालचं झाकण त्याच्यासमोरच उघडलं. ८ जीबी बोर्डावर, शेजारी एक मोकळा स्लॉट. म्हणजे आणखी ८ ची पट्टी टाकली की १६ होतात आणि मेमरीच्या दोन वाहिन्या चालू होतात, ज्याचा फायदा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला मिळतो. एसएसडी एम.२ २२४२, म्हणजे ४२ मिलिमीटर लांब, पण स्क्रूची जागा ८० ची डिस्क बसेल अशीही दिलेली. हे बघून बरं वाटलं. बाजारात २२८० च सगळ्यात जास्त मिळते, उद्या बदलायची वेळ आली तर परभणी-लातुरातही सापडेल.

निवडीचा माझा निकष इथं येऊन ठरला. प्रोसेसर जन्मभर तोच राहणार, म्हणून तो पुरेसा आहे एवढं एकदा तपासून घ्यायचं. चिकटवलेली मेमरी बदलत नाही, म्हणून १६ चा रस्ता मोकळा नसेल तर मशीन घ्यायचंच नाही. डिस्क मात्र बदलता येते, तिच्यासाठी महागडं मॉडेल घ्यायची गरज नाही. विक्रेते नेमकं उलटं करतात: आय५ दाखवून ८ जीबी चिकटवलेली गळ्यात मारतात आणि "एसएसडी १ टीबी आहे" म्हणून खूश करतात.

१८ मार्च

खरेदी समितीची बैठक. परवा, १६ तारखेला लोकसभेचं वेळापत्रक जाहीर झालं, आचारसंहिता लागली. ग्रामसभा आता पुढं जाणार, पण पातळ्या घेणं थांबत नाही.

ठराव: पाच मशीन आय३-१२१५यू, १६ जीबी, ५१२ टीएलसी. ड्रोनच्या दादासाठी एक आय५-१३३५यू, १६ जीबी, १ टीबी. मशीनमागे सरासरी खर्च ५५ हजारांच्या बराच खाली आला. उरलेल्यातून दोन बाहेरच्या एसएसडी, सहा जाड कव्हरं आणि गाडीत चालणारे टाइप-सी चार्जर.

सचिव सरांना शंका: "आय३ म्हटल्यावर पोरं नाराज होतील." होतील कदाचित. मशीनवरचा स्टिकर काढून द्यायचा विचार आहे.

२७ मार्च

मशीन आली. ताब्यात घेण्याआधी प्रत्येकावर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि एचडब्ल्यूइन्फो ही आतले भाग दाखवणारी सॉफ्टवेअर चालवली. दादाचं मशीन आणि आय३ वाली चार ठरल्याप्रमाणं. पाचव्या आय३ मध्ये एसएसडीचा मॉडेल क्रमांक वेगळा, शोधल्यावर क्यूएलसी निघाली. कागदावर दोन्हीही "५१२ जीबी एनव्हीएमई". लेखी मॉडेल क्रमांक मागितला होता म्हणून बोलायला जागा राहिली. विक्रेत्यानं वाद न घालता बदलून द्यायचं कबूल केलं, दोन दिवसांत. बिलाची तारीख आजचीच ठेवायला सांगितली.

३ एप्रिल

मशीन वाटायच्या आधीची कामं. विंडोजचं एन्क्रिप्शन चालू आहे, ते तसंच ठेवलं. विहिरींच्या नोंदींत शेतकऱ्यांची नावं, गट क्रमांक, फोन असतात, लॅपटॉप हरवला तर ते कुणाच्या हाती जाऊ नये. पण एन्क्रिप्शनची सुटकेची किल्ली ज्याच्या त्याच्या खासगी ईमेलवर जाऊ दिली तर माणूस सोडून गेल्यावर मशीन उघडणार नाही. सहाही किल्ल्या छापून काकांच्या कपाटात ठेवल्या.

डी ड्राइव्ह मागितला दोघांनी. नाही दिला. एकाच एसएसडीचे दोन भाग केल्यानं माहिती सुरक्षित होत नाही, फक्त सी भरल्यावर डी मोकळा राहतो. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबेल अशी सोय चालू केली. पूर्ण भरलेली बॅटरी उकाड्यात ठेवली की लवकर म्हातारी होते.

२४ एप्रिल, धारूरच्या वाटेवर

ज्याची वाट बघत होते ती चाचणी. लिंबाच्या सावलीत थर्मामीटर ४१ वर. आमचं आय३ आणि पुण्याहून आलेल्या एका मित्राचं आय५-१३४०पी, म्हणजे २८ वॅटवालं, ४ पी कोअरचं, आमच्यापेक्षा वीसेक हजारांनी महाग. दोन्ही तितकीच पातळ. दोन्हींवर ड्रोन प्रतिमेतून गावाच्या हद्दीचा तुकडा कापून दाबायचं काम लावलं, त्यात सगळे कोअर लागतात, म्हणजे तुलना त्याच्या बाजूनं झुकलेलीच होती.

कार्यालयात पंख्याखाली हेच काम त्याच्या मशीननं निम्म्याच्या आसपास वेळात संपवलं होतं. इथं सुरुवातीला ४० वॅटच्या वर उडी मारली, बघता बघता ९७ अंशांवर गेलं, मग प्रोसेसरनं स्वतःला आवरतं घेतलं आणि १७-१८ वॅटवर येऊन बसलं. पंखा मात्र ओरडतच राहिला. आमचं आय३ १५ वॅटच्या आसपास, ८० च्या घरात, कमी गोंगाटात चालत राहिलं. शेवटी मित्राच्याच मशीनचं काम आधी संपलं, पण थोडक्यात. वीस हजारांचा फरक सावलीतच विरघळला. उन्हात ठेवून पाहिलं नाही, मित्राच्या चेहऱ्याकडं बघून.

शेजारच्या रानातले आजोबा बराच वेळ उभे होते. म्हणाले, "हे दोन पेटारे उघडून काय बघायलाव?" सांगितलं, कोणतं लवकर तापतं ते. "मग सांजच्याला या की."

त्यांचं ऐकलं. जड कामं आता संध्याकाळी सहानंतर किंवा कार्यालयात. शिवारात फक्त भरणं, बघणं, जुळवणं. सगळ्या मशीनवर कंपनीचा शांत मोड कायम ठेवला आहे. जीपच्या डॅशबोर्डवर लॅपटॉप ठेवायला सक्त मनाई.

१३ मे

बीडचं मतदान. क्षेत्रकाम बंद.

२२ मे

पावसाआधीची पातळ्यांची फेरी चालू आहे. दोघी ताई आता बांधावरच भरतात. गट क्रमांक जुळला नाही तर नकाशा लगेच लाल दाखवतो आणि शेतकऱ्याला तिथंच विचारता येतं. रात्रीचं भरणं संपलं. आय३ चा स्टिकर कुणाला दिसलेलाच नाही, तक्रार आली ती चार्जरच्या वायरीच्या लांबीची.

एसएसडी झिजते का, हा काकांचा जुना प्रश्न. आज सहाही मशीनवरचं एकूण लेखन बघितलं. आय३ वाली महिन्याला पाव टीबीच्या आत, ड्रोनचं मशीन साधारण पाऊण टीबी. वर्षाला ९ टीबी धरू. ५००-५१२ जीबीच्या चांगल्या टीएलसी डिस्कला ३०० टीबी लेखनापर्यंतची हमी सर्रास असते, १ टीबीच्या डिस्कला बहुधा त्याच्या दुप्पट. ३०० च धरले तरी तीसेक वर्षं. बाजारातल्या एका क्यूएलसी मॉडेलला ५०० जीबीत ११० टीबीच मिळतात, त्यातही बारा वर्षं निघतात. म्हणजे झिजेच्या भीतीनं टीएलसी घ्यायचं कारणच नव्हतं. ड्रोनचं कार्ड अर्ध्यावर अडकू नये, एवढंच कारण होतं, आणि दादाचं कार्ड अडकत नाही.

भीती दुसरी आहे. हार्ड डिस्क मरण्याआधी बहुधा खरखरते, एसएसडी एखाद्या सकाळी दिसेनाशीच होते. आणि विंडोज पुसलेल्या जागा डिस्कला कळवत राहतं, त्यामुळं चुकून पुसलेलं परत मिळणं कठीण. म्हणून रोज संध्याकाळी बाहेरच्या एसएसडीवर प्रत, शनिवारी तीच कार्यालयातल्या मोठ्या हार्ड डिस्कवर. जुन्या वर्षांची माहिती मात्र एसएसडीवर टाकून पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात ठेवायची नाही. वीज न मिळता उष्णतेत पडून राहिलेली डिस्क माहिती धरून ठेवायला हार्ड डिस्कपेक्षा कच्ची.

१० जून

हिशेब बंद. पाचव्या मशीनची बदललेली एसएसडी, मेमरीच्या पट्ट्या, चार्जर सगळं साठा नोंदवहीत चढवलं. विक्रेत्याचं वॉरंटीचं पत्र फाइलला लावलं, "मेमरी वाढवल्यानं वॉरंटी बाधित होत नाही" हे वाक्य त्यात आहे का ते काकांनी दोनदा वाचून घेतलं.

राहिले ते जुने दोन लॅपटॉप. प्रोसेसर सातव्या पिढीचे, विंडोज ११ नाही. हार्ड डिस्का काढून २५६ जीबीच्या साटा एसएसडी बसवायच्या, लिनक्स टाकायचं आणि केजच्या अभ्यासिकेला द्यायचे. पोरांना टायपिंग आणि ब्राउझर एवढंच हवं आहे, त्याला ते प्रोसेसर भरपूर झाले. दरपत्रकं मागवली आहेत, या वेळी मॉडेल क्रमांकाचा रकाना आधीच छापून.